अंगठा वर

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)

 समोर बसलेल्या, दहावीनंतर तीस वर्षांनीसुद्धा मागच्या बाकांवरून गोंधळ घालणाऱ्या १९९६ च्या बॅचला नमस्कार!

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, आयटीबद्दल काहीतरी बोल." मी म्हटलं, ते रोज आठ तास बोलते. इथे तरी दुसरं बोलू द्या. म्हणून आज मी एका सहलीबद्दल बोलणार आहे. दोन बायका, एक गाडी, दहा दिवस, आणि वाटेत लागेल तिथे पाण्याखाली उतरायचं. गाडीने केलेली स्कूबा डायव्हिंगची सहल. गोड्या पाण्यापासून सुरुवात आणि शेवट समुद्रात.

त्या दुसऱ्या बाई आत्ता तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसल्या आहेत. माझी आठवी ते दहावीची बाकावरची मैत्रीण. जे सांगणार आहे ते तिला आधी वाचून दाखवलंय, आणि दोन ठिकाणी तिने माझी वाक्यं दुरुस्त केली आहेत. शाळेतही माझं शुद्धलेखन तीच तपासायची.

आधी थोडं मागे जाते. आपलं गाव नदीकाठचं. घाट शाळेपासून दहा मिनिटांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मुलं पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलात. आम्ही मुली पायरीवर बसून तुमचे कपडे सांभाळायचो. कुणी मनाई केली होती असं नाही. पण कुणी "या" असंही म्हटलं नाही. मी पोहायला शिकले ते अटलांटामध्ये, अडतिसाव्या वर्षी, सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बॅचमध्ये. माझी लेक त्यात होती आणि ती माझ्या आधी पास झाली. पुढे तीन वर्षांनी मी स्कूबाचं प्रमाणपत्र घेतलं.

माझ्या मैत्रिणीची वाट वेगळी. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिचे यजमान गेले. तिने औषधांचं दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही. पुढच्या वर्षी मुलाने हट्टाने तिला तारकर्लीला नेलं. तिथे एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. गंमत म्हणून एकदा पाण्यात उतरली आणि मग दुकानाला पहिल्यांदा आठवडाभर सुट्टी देऊन तिने तिथेच पूर्ण कोर्स केला. ओपन वॉटरचं प्रमाणपत्र घेतलं. जगात कुठेही चालतं ते. अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी.

डिसेंबर २०२३ मध्ये मुलाच्या पदवीदानासाठी ती अटलांटाला आली. समारंभ झाला, मुलगा मित्रांबरोबर फिरायला गेला, आणि परतीच्या विमानाला तीन आठवडे होते. मी म्हटलं, "चल, फ्लोरिडाला जाऊ." ती म्हणाली, "बघू."

हे "बघू" लक्षात ठेवा.

आता मी इंजिनिअर, त्यामुळे "बघू" हा शब्द मला "हो" असाच ऐकू येतो. त्याच रात्री मी एक्सेल उघडलं.

फ्लोरिडाच का, ते सांगते. ते सगळं राज्य चुनखडीच्या दगडावर उभं आहे. पावसाचं पाणी त्या दगडातून झिरपतं, दगड विरघळवत जमिनीखाली पोकळ्या आणि बोगदे करतं, आणि जागोजागी झरा होऊन वर येतं. असे हजाराच्या वर झरे तिथे आहेत. उत्तरेकडच्या झऱ्यांचं पाणी बारा महिने साधारण बावीस अंश, आणि इतकं स्वच्छ की तीस-चाळीस मीटरवरचं दिसतं. तिथून गाडीने एका दिवसात तुम्ही अटलांटिकच्या किनाऱ्यावर पोहोचता, आणि आणखी खाली गेलात की प्रवाळांची बेटं. एकाच गाडीत, एकाच सामानात, दोन अगदी वेगळी पाणी.

अशी सहल आखताना नुसतं हॉटेल आणि पेट्रोल बघून चालत नाही. माझ्या तक्त्यात काय काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, वारा. डिसेंबरात उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. झऱ्यांना वाऱ्याचं सोयरसुतक नसतं. पण मोठा पाऊस झाला की नदीला पूर येतो आणि तिचं चहाच्या रंगाचं पाणी झऱ्यात शिरतं. म्हणजे समुद्र बिघडला तर झरा हाताशी, आणि झरा बिघडला तर समुद्र. दोन्ही जवळ असण्याचा खरा फायदा हाच. म्हणून प्रत्येक दिवसासमोर मी एक पर्यायी जागा लिहिली.

दुसरं, भरती. किनाऱ्यावरच्या काही जागा अशा, की पूर्ण भरतीच्या आगेमागे तासभरच तिथे उतरता येतं. इतर वेळी प्रवाह ओढून नेतो. त्या दिवशी आपलं घड्याळ चंद्राच्या हातात.

तिसरं, वजन. समुद्राचं पाणी खारट, म्हणून जड. ते आपल्याला जास्त वर ढकलतं. कमरेला शिसं बांधल्याशिवाय खाली जाता येत नाही. झऱ्यात मला जेवढं लागतं त्यापेक्षा समुद्रात दोन किलो जास्त. आर्किमिडीजचा नियम आपण तीन मार्कांसाठी पाठ केला होता. तो इथे कमरेला टोचतो.

चौथं, विमान. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. बरेच दिवस डाइव्ह केले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही. उंच घाट चढायचाही नाही. फ्लोरिडात ही दुसरी चिंता नाही. त्या राज्यातली सर्वांत उंच जागा १०५ मीटरची आहे. आपल्याकडे तिला टेकडी म्हणायलाही लोक लाजतील.

पाचवं, किनाऱ्यावरचा माणूस. आम्ही कुठे उतरतोय आणि किती वाजेपर्यंत वर येणार, हे माझ्या नवऱ्याला रोज कळवायचं. त्या वेळेला निरोप आला नाही तर त्याने कुणाला फोन करायचा, तो नंबर फ्रिजवर चिकटवला होता.

आणि सहावं म्हणजे हवा. त्यासाठी मला आपल्या विज्ञानाच्या बाईंची आठवण काढायलाच हवी. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून नव्हे, खरंच. आठवतंय, तुम्ही बिनसुईची इंजेक्शनची सिरिंज आणली होतीत? तिच्या तोंडावर अंगठा दाबून धरायला लावलात आणि दट्ट्या ढकलायला सांगितलंत. दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं. बॉइलचा नियम. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. म्हणजे दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला टाकीतली हवा दुप्पट खर्च होते. आणि वर येताना छातीतली हवा फुगत येते, म्हणून श्वास कधीही रोखून धरायचा नाही. डायव्हिंगच्या वर्गात हे शिकवलं तेव्हा माझा अंगठा आपोआप पुढे आला होता.

तर असा पक्का तक्ता झाला. तो मी मैत्रिणीला दाखवला. तिने चष्मा वर करून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, "अगं, यात चहा कुठेय?" मी चहाचा रकाना घातला.

निघालो. गाडीत चार टाक्या, दोन पिशव्या भरून सामान, एक छोटा राइस कुकर, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी. पाच तासांत हाय स्प्रिंग्ज नावाच्या गावी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पाच अंश थंडी आणि जिनी स्प्रिंग्जच्या पाण्यावर वाफ. ती काठावर वेटसूट घालून कुडकुडत उभी होती. पाण्यात पाय घातला आणि म्हणाली, "हे तर बंबातलं पाणी!" आत उतरलो. तळाची पांढरी वाळू, वर झाडांच्या फांद्या, आणि पाण्याखालून त्या फांद्यांची पानं मोजता येत होती. तिथे 'बॉलरूम' नावाची एक मोठी कपार आहे. तिच्या मागच्या बाजूला, जिथून पाणी जोराने येतं, तिथे लोखंडी जाळी बसवली आहे. जाळी धरली की शरीर वाऱ्यात वाळत घातलेल्या धोतरासारखं फडफडतं. त्या दिवशी आम्ही दोघी पाण्याखाली हसलो. तसं हसलं की मास्कमध्ये पाणी जातं, तेही झालं.

ती जाळी का, हेही सांगितलं पाहिजे. फ्लोरिडातल्या अनेक पाणगुहांच्या तोंडाशी, पाण्याखाली, एक पाटी असते. काळा झगा घातलेल्या मृत्यूचं चित्र आणि इथून पुढे जाऊ नका अशी ताकीद. गुहेचं प्रशिक्षण न घेता आत गेलेल्यांपैकी बरेच परत आले नाहीत. जिनीच्या शेजारच्या झऱ्यांत साध्या डायव्हरला बॅटरीसुद्धा न्यायला बंदी आहे. कारण हातात उजेड असला की माणूस "अजून थोडं" म्हणत पुढे जातो.

हे नियम बनवण्यात एका शाळामास्तराचा मोठा वाटा आहे. शेक एक्स्ली हे उत्तर फ्लोरिडातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे आणि सुट्टीत गुहांमध्ये डायव्हिंग करायचे. त्यांनी पाणगुहांमधल्या अपघातांचा एकेक करून अभ्यास केला आणि १९७९ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. गणिताच्या शिक्षकाने उदाहरणं कुठे चुकली ते बघावं तसं. त्यांना दिसलं की माणसं वेगवेगळी, गुहा वेगवेगळ्या, पण चुका त्याच त्या. बाहेरपर्यंत सलग दोरी नाही. परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नाही. झेपेल त्यापेक्षा जास्त खोल. यातून पक्का झालेला हवेचा नियम असा : एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश परत यायला, आणि एक तृतीयांश संकटासाठी. डोक्यावर खडक असेल तिथे हा नियम मोडायचा नाही.

आमच्या टाकीत तीन हजार असायचं. अमेरिकेत दाब पीएसआयमध्ये मोजतात. म्हणजे दोन हजार झालं की मागे फिरायचं. हे माझ्या तक्त्यात ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

आता तिसरा दिवस. विलिस्टन गावाजवळ डेव्हिल्स डेन नावाची जागा आहे, म्हणजे सैतानाची गुहा. जमिनीत एक गोल भोक, आणि खाली गुहेत निळं पाणी. थंडीत त्या भोकातून वाफ वर येते, चुलीच्या धुरासारखी. म्हणून ते नाव. खडकातून कोरलेल्या अरुंद जिन्याने खाली उतरायचं. मधोमध वरून उजेड पडतो, पण कडेला खडकाचे पदर आहेत आणि त्यांच्याखाली अंधार. खोली सोळा मीटरच्या आसपास.

आम्ही उतरलो. मी पुढे, ती मागे. दर दोन मिनिटांनी मी वळून तिला खूण करत होते, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल : ठीक? तीही गोल दाखवायची : ठीक. मी एका पदराखालून गेले, ती आली. मग दुसऱ्या. ठीक? ठीक. पंधराव्या मिनिटाला मला का कोण जाणे, तिचं गेज बघावंसं वाटलं. माझ्याकडे बरोबर दोन हजार होते. तिच्याकडे अकराशे.

दोन हजारला फिरायचं, हा नियम मीच लिहिला होता. तो तिने कधीच ओलांडला होता, आणि मी तिला आकडा एकदाही विचारला नव्हता. मी फक्त "ठीक?" विचारत होते.

घाबरून काही करण्यासारखं नव्हतं. मधला उजेड दिसत होता. तिचा हात धरला, हळूहळू उजेडाखाली आलो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, वर आलो. काही झालं नाही. पण त्या लाकडी फळीवर बसल्यावर तिचे हात थरथरत होते, आणि ते थंडीने नव्हतं.

रात्री मोटेलमध्ये मेतकूट-भात खाताना मी विचारलं, "तुला कधीपासून वर यायचं होतं?"

ती म्हणाली, "जिना उतरल्यापासून."

"मग ठीक का दाखवत होतीस?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू एवढं प्लॅन केलं होतंस." आणि पुढे म्हणाली, "आणि मला सवय झालीय गं. अडीच वर्षं मी सगळ्यांना ठीकच दाखवतेय."

मित्रांनो, आपला बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिचे यजमान गेले तेव्हा आपण सगळ्यांनी विचारलं होतं, "ठीक आहेस ना?" तिने लिहिलं होतं, "ठीक." आणि आपण सगळ्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मीही पाठवलं होतं. मी त्या रात्री फोन काढून ते परत वाचलं.

घाबरलेला माणूस पाण्याखाली दुप्पट हवा ओढतो. खूण खोटी असू शकते, गेज नाही. तिने मला खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. माझा प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर देणं तिला अवघड जावं.

सॉफ्टवेअरमध्ये एखादी यंत्रणा बंद पडली की आम्ही नंतर बसून कारणं शोधतो. त्यात एक शिस्त असते. चूक कुणाची हे विचारायचं नाही, ती चूक करणं इतकं सोपं कसं झालं हे विचारायचं. त्या रात्री आम्ही दोघींनी तसंच केलं. आणि दिसलं ते असं, की माझ्या तक्त्यात वारा होता, भरती होती, शिसं होतं, चहासुद्धा होता; पण "नको" म्हणायला जागा नव्हती. सगळी बुकिंग आगाऊ, सगळे तास भरलेले. ज्याला "नको" म्हणायचंय त्याला माझा अख्खा तक्ता मोडावा लागणार. असं कोण म्हणेल? तिच्या "बघू"चा अर्थ मला तेव्हा कळला.

डायव्हिंगमध्ये यासाठी एक जुना नियम आहे आणि तो पहिल्याच वर्गात शिकवतात. कोणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. त्याची खूण म्हणजे अंगठा वर. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे छान, मस्त, चालेल. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच : वर चला. ही विनंती नसते. समोरच्यानेही तोच अंगठा दाखवायचा आणि वर यायचं.

आम्ही तक्ता पुन्हा लिहिला. निम्मी कामं काढून टाकली. "ठीक?" हा प्रश्न बंद. त्याऐवजी दर पाच मिनिटांनी आकडा विचारायचा आणि बोटांनी आकडाच सांगायचा. ती पुढे, मी मागे, म्हणजे वेग तिचा. आणि प्रत्येक डाइव्हच्या आधी मोठ्याने म्हणायचं, "नको वाटलं तर वर."

चौथ्या दिवशी टाक्या गाडीतच ठेवल्या. क्रिस्टल रिव्हरला मॅनाटी बघायला गेलो. थंडीत समुद्र गार पडला की हे प्राणी झऱ्यांच्या कोमट पाण्यात येऊन राहतात. वीस अंशांच्या खालचं पाणी त्यांना सोसत नाही. म्हशीएवढं अंग आणि म्हशीसारखाच शांत स्वभाव. नुसती नळी तोंडात धरून पाण्यावर पडून राहायचं, हात लावायला जायचं नाही. एक पिल्लू आईच्या कुशीत दूध पीत होतं. मैत्रीण तासभर हललीच नाही.

पाचव्या दिवशी राज्य आडवं ओलांडून अटलांटिकच्या काठी, रिव्हिएरा बीचला. तिथे ब्लू हेरन ब्रिज म्हणून एक पूल आहे. चालत पाण्यात जायचं, खोली सहा मीटरसुद्धा नाही. वर गाड्यांचा आवाज आणि खाली समुद्रघोडे, ऑक्टोपस. पण अट भरतीची. आम्ही बरोबर वेळेवर उतरलो. बाराव्या मिनिटाला तिने अंगठा वर केला.

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं? चार तास गाडी चालवली, पुढची भरती आता रात्री, आणि हवा तर भरपूर आहे. हे सगळं एका सेकंदात येऊन गेलं. मी अंगठा दाखवला. वर आलो. किनाऱ्यावर बसून संत्री खाल्ली. मी कारण विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, "उद्या सकाळी परत जाऊ या? आज फक्त बघायचं होतं, तू खरंच वर येतेस का."

दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास उशिरा होती. आम्ही पंचावन्न मिनिटं पाण्याखाली होतो. समुद्रघोडा तिनेच शोधला, गवताच्या काडीला शेपटी गुंडाळून बसलेला. तिचा आकडा माझ्यापेक्षा शंभराने जास्त उरला होता.

मग की लार्गो. पोहोचलो आणि थंड लाट आली. एक दिवस बोटी रद्द. आता तक्त्यात रिकामी जागा होती, त्यामुळे रडारड नाही. थालिपिठं लावली.

पुढच्या सकाळी माझी मोठी डाइव्ह होती, स्पीगल ग्रोव्ह. अमेरिकेच्या आरमाराचं १५५ मीटर लांबीचं हे जहाज २००२ मध्ये मुद्दाम बुडवलं, प्रवाळाला आणि माशांना घर म्हणून. सगळं गणित केलेलं होतं, पण ते वेळेआधीच बुडालं आणि उलटं झालं. मग खटपट करून कुशीवर आणलं. आणि २००५ मध्ये डेनिस नावाच्या वादळाने ते आपोआप सरळ उभं केलं! प्लॅनिंग करणाऱ्यांनी हे जहाज एकदा तरी बघावं असं मला फार वाटत होतं. ते खोल आहे, मैत्रिणीच्या प्रमाणपत्रात बसत नव्हतं, म्हणून ती किनाऱ्यावर थांबली. बोटीवर मला जोडीदार मिळाला एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ. दोराला धरून उतरायला लागलो. सहा मीटरवर माझा डावा कान अडला. थोडं वर जाऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडला. जोर केला तर पडदा फाटू शकतो. खाली त्या जहाजाची निळसर सावली दिसत होती. कित्येक महिने मी त्याचे नकाशे बघितले होते, पैसे परत मिळणार नव्हते, आणि माझ्यामुळे त्या परक्या माणसाचीही डाइव्ह जाणार होती.

तेव्हा मला कळलं, डेव्हिल्स डेनमध्ये तिला अंगठा वर करणं किती जड गेलं असेल.

मी अंगठा वर केला. त्या गृहस्थांनी क्षणभरही न थांबता अंगठा दाखवला. बोटीवर आल्यावर त्यांनी अर्धं सँडविच मला दिलं आणि नातवंडांचे फोटो दाखवत बसले. कानाबद्दल अवाक्षर नाही.

त्या दुपारी मोलॅसिस रीफवर मैत्रीण गाइडबरोबर उतरली आणि मी बोटीवर घड्याळ धरून बसले. अठ्ठेचाळीस मिनिटं. वर आल्या आल्या तिने आधी आकडा सांगितला, "साडेआठशे!" मग सांगितलं की पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा आवाज येतो, शेंगदाणे चावल्यासारखा. आणि मग जरा थांबून म्हणाली की सांबराच्या शिंगांसारखी जी मोठी पोवळी असतात, ती बरीच मेलेली होती. त्याच वर्षीच्या जुलैत तिथे समुद्र भयंकर तापला होता. फ्लोरिडाच्या टोकाला मॅनाटी बेमधल्या उथळ पाण्यात ३८ अंशांची नोंद झाली. प्रवाळ आधी पांढरं पडतं, आणि पाणी वेळेवर थंड झालं नाही तर मरतं. "बरं झालं बघून घेतलं," ती म्हणाली, "आणि वाईटही वाटलं." तिने दोन्ही सांगितलं. नुसतं "मस्त होतं" म्हणाली नाही.

परतीचे अकराशे किलोमीटर आम्ही दोन दिवसांत केले. गाडीत ती बोलत होती. दुकानाबद्दल, कर्जाबद्दल, त्या २०२१ च्या दहा दिवसांबद्दल. तीस वर्षांच्या मैत्रीत मी एवढं सलग पहिल्यांदा ऐकलं. ते इथे सांगणार नाही, ते तिचं आहे.

आता आपण सगळे पंचेचाळिशीच्या पुढे आहोत. कुणाचे आईवडील आजारी, कुणाची नोकरी डळमळीत, कुणाचं स्वतःचंच काही. आणि आपण पहिल्या शंभरात यायला शिकलेली मुलं, "नको", "जमत नाही", "मला वर यायचंय" हे म्हणायला आपल्याला फारसं कुणी शिकवलं नाही. गुरुजनांनो, ही तक्रार नाही. तुम्ही बॉइलचा नियम शिकवलात, त्यावर मी जिवंत परत आले. हे दुसरं आपलं आपण शिकायचं होतं.

तर ग्रुपवर एवढं करू या. "ठीक ना?" विचारू नका. आकडा विचारा. झोप किती तास लागली, जेवलास का, डॉक्टरकडे कधी गेली होतीस, हप्ता किती थकलाय. आणि कुणी अंगठा वर केला, तर कारण न विचारता त्याच्याबरोबर वर या. अर्धं सँडविच द्या.

शेवटी एक सूचना. मैत्रीण आणि मी पुढच्या जानेवारीत तारकर्लीला जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी आधी पोहायला शिका, डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि तिच्याकडे नाव द्या. यावेळचा तक्ता ती करणार आहे. मी बघितलाय. पहिला रकाना चहाचा आहे आणि दुसरा रिकामा ठेवलाय.